‘आहे का?’ आणि ‘किती?’

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी क्वांटम संगणकावर बोललो. विषय मीच सुचवला होता. समोर चाळीसेक माणसे, त्यांतली निम्मी पेन्शनर, आणि पुढच्या दोन रांगांत शाळेची मुले. बोलता बोलता मी एक वाक्य उच्चारले. वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर आणि माझ्या स्वतःच्या जुन्या टिपणांतही ते अनेकदा येऊन गेलेले आहे : साधा संगणक शक्यता एकेक करून तपासतो, क्वांटम संगणक त्या सगळ्या एकाच वेळी तपासतो. लोकांनी माना डोलावल्या. शेवटी प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “काका, त्याने सगळ्या एकदम तपासल्या, तर त्यांतल्या किती बरोबर निघाल्या ते तो मोजून सांगतो का?”

मी “हो” म्हणालो. घरी पोहोचेपर्यंत माझ्या लक्षात आले होते की आपण चुकीचे उत्तर दिले आहे. नेमके काय चुकले हे मात्र तेव्हा मला धड सांगता आले नसते. हा लेख म्हणजे त्या ‘हो’ची दुरुस्ती आहे. ती करायला मला वर्ष लागले.

माझ्याविषयी एवढेच सांगतो की माझे गणिताचे रीतसर शिक्षण बारावीपाशी संपले. पुढे बी. कॉम. झालो आणि तीस वर्षे एका सहकारी संस्थेत हिशेब लिहिले व तपासले. गणित शिकलो ते संध्याकाळी, रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांतून, आणि अलीकडे इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या शोधनिबंधांतून. त्यामुळे पुढे काही ठिकाणी हिशेबनिसाची भाषा येईल. ती मुद्दामच येऊ दिली आहे, कारण मला स्वतःला हा विषय समजला तो त्याच भाषेत.

शंकराचे दहा हात

मोजणीचा प्रश्न म्हणजे काय, हे सांगायला मी भास्कराचार्यांकडे जातो. ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’च्या शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण आहे. त्यातले एक उदाहरण असे : शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य अशा दहा वस्तू आहेत. हातांमध्ये त्यांची अदलाबदल केली तर मूर्तीचे किती प्रकार होतील? आणि विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख फिरवले तर किती? उत्तर गुणाकाराने निघते. विष्णूसाठी ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. शंकरासाठी १० पासून १ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार, म्हणजे ३६,२८,८००. यातले चोवीस आपल्या ओळखीचे आहेत. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावे घेतात, त्या चोवीस मूर्ती मूर्तिशास्त्रात हातांतल्या आयुधांच्या क्रमावरूनच ओळखल्या जातात.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांना जो शिलालेख सापडला, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. म्हणजे शंकराच्या हातांचा हा हिशेब आठशे वर्षांपूर्वी खानदेशात विद्यार्थ्यांपुढे मांडला जात असणार.

आता मी या उदाहरणात एक अट घालतो. ही अट भास्कराचार्यांची नाही, माझी आहे. समजा विष्णूचे चक्र वरच्या दोन हातांपैकीच एकात शोभते आणि गदा खालच्या दोहोंपैकीच एकात. मग चक्राला दोन जागा, गदेला दोन, आणि उरलेल्या दोन वस्तूंची मांडणी दोन प्रकारे : एकूण ८ मूर्ती. इथपर्यंत तोंडी जमते. पण शंकराच्या दहा हातांसाठी प्रत्येक वस्तूची अशी वेगळी अट असली तर? त्रिशूळ या तीन हातांत चालतो, डमरू त्या पाचांत, साप चारांत, आणि हे हात एकमेकांत गुंतलेले. मग गुणाकार चालत नाही, कारण त्रिशूळ कुठे ठेवला यावर डमरूच्या किती जागा उरल्या ते अवलंबून राहते.

अशा वेळी एक तक्ता करावा. दहा ओळी हातांच्या, दहा स्तंभ वस्तूंचे. जिथे वस्तू चालते तिथे १, चालत नाही तिथे ०. आता प्रत्येक ओळीतून एक आणि प्रत्येक स्तंभातूनही एक, असे दहा १ निवडायचे. ही निवड किती प्रकारे होते ती संख्या म्हणजे आपले उत्तर. गणितात या संख्येला त्या तक्त्याचा ‘पर्मनंट’ म्हणतात. या लेखातली बरीचशी गोष्ट या एका शब्दाभोवती आहे.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. पहिला : अटी पाळून निदान एक तरी मूर्ती घडवता येते का? दुसरा : अशा किती घडवता येतात? पहिल्या प्रश्नाला गणिताच्या पुस्तकांत लग्नाचा प्रश्न म्हणतात, कारण वधू-वरांच्या पसंतीच्या यादीतून सगळ्यांच्या जोड्या जमतील का, हे विचारण्यासारखेच ते आहे. जोड्या कधी जमतात याची नेमकी कसोटी फिलिप हॉल यांनी १९३५ साली दिली, आणि त्या शोधण्याच्या झटपट रीती पुढे निघाल्या. शंभर हात आणि शंभर वस्तू असल्या तरी साधा संगणक ‘आहे का?’चे उत्तर क्षणात देतो.

‘किती?’चे मात्र तसे नाही.

एका चिन्हाचा फरक

शाळेत ज्यांनी निश्चयक सोडवले आहेत, त्यांना पर्मनंटची रीत ओळखीची वाटेल. निश्चयकातही प्रत्येक ओळीतून व स्तंभातून एकेक संख्या घेऊन गुणाकार करतात आणि ते सगळे गुणाकार एकत्र करतात. फरक एवढाच की निश्चयकात अर्धे गुणाकार अधिक चिन्हाने येतात आणि अर्धे उणे चिन्हाने. पर्मनंटमध्ये सगळे अधिक. तीन ओळी आणि तीन स्तंभांचा, सगळीकडे १ असलेला तक्ता घ्या. गुणाकार सहा होतात. पर्मनंट ६. निश्चयकात तीन अधिक आणि तीन उणे, म्हणून शून्य.

कोणालाही वाटेल की चिन्हांचे लचांड नसलेला पर्मनंट सोपा असणार. प्रत्यक्षात उलटे आहे. निश्चयकात एका ओळीतून दुसरी वजा करत करत तक्ता साफ करता येतो, कारण उणे चिन्हांमुळे नको असलेल्या नोंदी शिस्तीने परस्पर कटतात. शंभर ओळींच्या तक्त्याला तीन-साडेतीन लाख गुणाकार पुरतात, जे आजच्या संगणकाला काहीच नाही. पर्मनंटमध्ये हा मार्गच बंद होतो. सगळ्या निवडी एकेक करून मोजण्यापेक्षा बरी रीत हर्बर्ट रायसर यांनी १९६३ साली दिली, पण तीही ओळी वाढल्या की धापा टाकते. सेकंदाला शंभर कोटी क्रिया करणारे यंत्र घेतले तर या रीतीने वीस ओळींचे काम सेकंदाच्या लहानशा अंशात होते, पन्नास ओळींना पावणेदोन वर्षांच्या आसपास लागतात, आणि शंभर ओळींना विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे तीन लाख पट.

आपल्याला चांगली रीत सुचली नाही एवढ्यावर हे सोडता येईल का? १९७९ साली लेस्ली व्हॅलियंट यांनी याला वजनदार उत्तर दिले. ‘किती?’ या प्रश्नांचे एक प्रचंड कुटुंब आहे : एखादे उत्तर हातात दिले तर ते बरोबर आहे की नाही हे पटकन तपासता येते, पण अशी बरोबर उत्तरे एकूण किती हे सांगायचे असते. या कुटुंबाला ‘शार्प-पी’ म्हणतात. व्हॅलियंट यांनी सिद्ध केले की ० आणि १ यांच्या तक्त्याचा पर्मनंट काढणे हे या सबंध कुटुंबातल्या कोणत्याही प्रश्नाइतके अवघड आहे. पर्मनंटची झटपट रीत ज्या दिवशी सापडेल, त्या दिवशी ते सगळे कुटुंबच सुटेल. पुढे सेइनोसुके तोडा यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले की अचूक मोजून देणारा कोणी मिळाला, तर ‘असे आहे का, की प्रत्येक अमक्यासाठी एक तमका सापडतो’ अशा एकावर एक रचलेल्या प्रश्नांची पूर्ण शिडीच चढून जाता येते. मोजणीत एवढी ताकद असेल असे तोवर कोणाला वाटले नव्हते.

काही मोजण्या मात्र सुटतात, आणि त्या कशा सुटतात हे पाहण्यासारखे आहे. बुद्धिबळाचा ६४ घरांचा पट प्रत्येकी दोन घरे झाकणाऱ्या ३२ सोंगट्यांनी किती प्रकारे पूर्ण झाकता येईल? उत्तर १,२९,८८,८१६. ते १९६१ साली पीटर कास्टेलाइन यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे टेम्पर्ली व फिशर यांनी, अशा मोजण्यांची सर्वसाधारण रीत देऊन काढले. कास्टेलाइन यांची युक्ती अशी, की तक्त्यात काही ठिकाणी उणे चिन्हे अशी बसवायची की पर्मनंटचे रूपांतर निश्चयकासारख्या सोप्या राशीत व्हावे. पट सपाट असल्यामुळे हे जमते. शंकराच्या हातांचा तक्ता असा सपाट कागदावर रेषा न छेदता मांडता येईलच असे नाही, आणि तिथे युक्ती थांबते.

बोस यांची मोजणी

आता प्रकाशाकडे वळू. १९२४ साली ढाक्याला शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना एक छोटा निबंध पाठवला. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवला. त्या निबंधाचा गाभा म्हणजे मोजण्याची नवी पद्धत. दोन चेंडू दोन पेट्यांत किती प्रकारे ठेवता येतील? आपण म्हणू चार : दोन्ही पहिलीत, दोन्ही दुसरीत, हा इकडे तो तिकडे, आणि तो इकडे हा तिकडे. बोस यांच्या हिशेबात प्रकाशकणांसाठी उत्तर तीन येते, कारण ‘हा’ आणि ‘तो’ असा भेदच तिथे नाही. असे वागणाऱ्या कणांना पुढे डिरॅक यांनी बोस यांच्या नावावरून ‘बोसॉन’ म्हटले.

आरसे आणि अर्धे आरसे यांच्या जाळीत एका बाजूने काही प्रकाशकण सोडले, तर दुसऱ्या बाजूला ते अमुक ठिकाणी एकेक सापडण्याची शक्यता किती? क्वांटम सिद्धांतात हा हिशेब असा होतो. कोणत्या वाटेने आत गेलेला कण कोणत्या वाटेने बाहेर पडला, याच्या सगळ्या जोड्या लावायच्या. प्रत्येक जोडणीला एक संख्या मिळते, तिला आयाम म्हणतात. सगळ्या जोडण्यांचे आयाम एकत्र करायचे आणि आलेल्या संख्येचा वर्ग करायचा. तो वर्ग म्हणजे शक्यता. वाचकांच्या लक्षात आलेच असेल : हात म्हणजे आत जाणाऱ्या वाटा, वस्तू म्हणजे बाहेर पडणाऱ्या. ही बेरीज म्हणजे पर्मनंटच आहे. इलेक्ट्रॉनसारखे कण दुसऱ्या जातीचे. एकमेकांवर परिणाम न करता ते अशाच जाळीतून गेले, तर त्यांच्यासाठी हीच बेरीज निश्चयकाची होते. गणितातला सोपा आणि अवघड हा भेद निसर्गात कणांच्या दोन जाती म्हणून उभा आहे, हे मी पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणजे निसर्ग पर्मनंट काढतो! मग आरशांची जाळी मांडावी, कण सोडावेत आणि उत्तर वाचून घ्यावे. व्याख्यानात “हो” म्हणताना माझ्या डोक्यात असेच काहीसे होते.

जमा, नावे आणि शिल्लक

आयाम ही साधी संख्या नव्हे. ती अधिक असू शकते, उणेही असू शकते. (खरे तर ती सदिशासारखी कोणत्याही दिशेला वळलेली असू शकते, पण समजण्यापुरते अधिक आणि उणे पुरे.) १९८७ साली हाँग, ऊ आणि मँडेल या तिघांनी केलेला प्रयोग घ्या. एका अर्ध्या आरशावर दोन बाजूंनी दोन सारखे प्रकाशकण एकाच क्षणी येतात. दोन्ही बाजूंना एकेक बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत : दोघेही आरपार जातील, किंवा दोघेही परावर्तित होतील. पहिल्या मार्गाचा आयाम अधिक १/२, दुसऱ्याचा उणे १/२. बेरीज शून्य. आणि खरोखरच, ते कण नेहमी एकाच बाजूने जोडीने बाहेर पडतात. मार्ग दोन होते, नोंदी दोन होत्या, शिल्लक शून्य.

आम्हा हिशेबनिसांना हे नवे नाही. एखाद्या खात्याच्या जमेला एक कोटी आणि नावे नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे असतील, तर शिल्लक शंभर रुपये. त्या शंभरावरून खात्यात किती उलाढाल झाली ते ओळखता येत नाही. उलट, दोन्ही बाजूंची बेरीज मी एक टक्क्याच्या चुकीने सांगितली, तर शिलकेत लाखाची चूक पडेल आणि शंभराचा पत्ताही लागणार नाही. ज्या वहीत फक्त जमाच आहे, तिची एकूण बेरीज अदमासाने सांगता येते. जिथे जमा आणि नावे एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात, तिथे अदमासाचा उपयोग नाही.

हा भेद नुसता उपमेपुरता नाही. २००१ साली जेरम, सिंक्लेअर आणि व्हिगोडा यांनी एक रीत जाहीर केली. तक्त्यात एकही उणे संख्या नसेल तर पर्मनंट हव्या तेवढ्या टक्केवारीच्या चुकीत, वाजवी वेळात, साध्या संगणकावर काढता येतो. फासे टाकत एका मांडणीतून दुसरीत भटकायचे आणि त्या भटकंतीवरून संख्या ताडायची. म्हणजे माझ्या अटींसह शंकराचे दहा काय, हजार हात असले तरी ‘सुमारे किती?’ याला क्वांटम संगणकाची गरज नाही. ‘नेमके किती?’ मात्र व्हॅलियंट यांच्या सिद्धांतामुळे अवघडच राहते. आणि तक्त्यात अधिक-उणे मिसळले, की ‘सुमारे’सुद्धा हातचे जाते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. क्वांटम संगणक, ज्याला मराठीत पुंज संगणकही म्हणतात, सगळ्या शक्यतांच्या नोंदी एकाच वहीत वागवतो, हे खरे. पण ती वही आपल्याला उघडून पाहता येत नाही. आपण पाहायला जातो तेव्हा एकच उत्तर समोर येते, चिठ्ठी उचलल्यासारखे. कोणती चिठ्ठी येण्याची शक्यता किती, हे त्या त्या शिलकेच्या वर्गावर ठरते. आरशांच्या जाळीतही तसेच. प्रत्येक वेळी आपल्याला एवढेच कळते की या खेपेला कण अमुक वाटांनी बाहेर आले. बाहेर पडण्याच्या मांडण्या इतक्या असंख्य, आणि प्रत्येकीची शक्यता इतकी सूक्ष्म, की एका विशिष्ट मांडणीचा पर्मनंट ताडायला प्रयोग अगणित वेळा करावा लागेल. निसर्ग हिशेब ठेवतो, पण वही दाखवत नाही.

फासे कोणाच्या हातात

२०११ साली स्कॉट आरनसन आणि अलेक्स आर्किपोव्ह यांनी या अडचणीतूनच वाट काढली. त्यांनी विचारले : उत्तर वाचता येत नाही हे ठीक, पण जाळीतून जशा चिठ्ठ्या पडतात, तशाच चिठ्ठ्या, त्याच प्रमाणात, साध्या संगणकाला पाडता येतील का?

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा मला फार सुंदर वाटतो. समजा साध्या संगणकाला हे जमले. साधा संगणक यादृच्छिक काही करतो तेव्हा तो आत फासे टाकतो, आणि ते फासे आपल्या हातात असतात. मग ‘अमुक चिठ्ठी किती फाशांमुळे पडते?’ असे विचारता येते. ही मोजणी निव्वळ जमेची आहे, तिच्यात नावे काही नाही. आणि निव्वळ जमेची मोजणी, ‘आहे का?’ प्रकारच्या प्रश्नांची मदत घेऊन, अदमासाने करता येते हे आधीपासून माहीत होते. पण त्या चिठ्ठीची शक्यता म्हणजे अधिक-उणे मिसळलेल्या पर्मनंटचा वर्ग. म्हणजे अवघड मोजणी तुलनेने सोप्या साधनांनी झाली असे होईल, आणि तोडा यांची ती शिडी कोसळून खालून तिसऱ्या पायरीवर येईल. ती कोसळत नाही असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. ते सिद्ध झालेले नाही, पण तसे मानले तर साध्या संगणकाला प्रकाशकणांची हुबेहूब नक्कल जमणार नाही. क्वांटम यंत्रात आपल्या हातात देता येतील असे फासेच नाहीत. तिथे जमा-नावे असते.

२०२० च्या डिसेंबरात चीनमधल्या हफेई येथील चमूने ‘जिउझांग’ या यंत्राने याच्या एका सुधारित प्रकाराचा प्रयोग जाहीर केला. बाहेर पडायच्या १०० वाटा, आणि एका वेळी जास्तीत जास्त ७६ प्रकाशकण टिपलेले. यंत्राला हे नाव एका प्राचीन चिनी गणितग्रंथावरून दिलेले आहे. जे काम यंत्राने २०० सेकंदांत केले, त्याला त्या वेळच्या सर्वांत शक्तिमान संगणकांना कोट्यवधी वर्षे लागतील, असा दावा होता. पुढच्या काही वर्षांत इतर संशोधकांनी दाखवले की अशा प्रयोगांत वाटेत वाया जाणाऱ्या कणांचा फायदा घेऊन साध्या संगणकावरही बरीच नक्कल करता येते. मग यंत्रे सुधारली, आणि नक्कलही. ही ओढाताण चालू आहे. मात्र या यंत्राने कोणताही पर्मनंट काढून दिला नाही. त्याने चिठ्ठ्या पाडल्या.

मग हाती काय?

क्वांटम संगणकाने मोजणीला काहीच मदत होत नाही, असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. १९९६ साली लव ग्रोव्हर यांनी शोधाची एक क्वांटम रीत दिली, आणि तिच्या आधाराने १९९८ साली ब्रसार, होयर आणि टॅप यांनी मोजणीची. शंभर कोटी पानांच्या वहीत खुणेची पाने मोजकीच असली, तर ती सुमारे किती हे सांगायला साध्या संगणकाला जवळजवळ सगळी वही उलटावी लागते. क्वांटम संगणकाला त्याच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे काही दहा हजार, क्रिया पुरतात. फायदा खरा आहे. पण पाने वाढत गेली की वर्गमूळही वाढत जाते. आणि वहीच्या रचनेविषयी काहीच माहीत नसेल, तर शोधात वर्गमुळापेक्षा मोठी उडी मारता येत नाही, हे १९९७ सालीच सिद्ध झाले.

जिथे रचना आहे, तिथे गोष्ट वेगळी. दोरीच्या दोन गाठी एकच आहेत की निरनिराळ्या, हे ओळखायला उपयोगी पडणारी एक बहुपदी व्हॉन जोन्स यांनी १९८४ साली शोधली. ती नेमकी काढणे हे ‘शार्प-पी’तल्या प्रश्नांइतकेच अवघड आहे. परंतु २००६ साली अहरोनोव्ह, लांडाऊ आणि खुद्द जोन्स यांनी ठरावीक बिंदूंवर तिची किंमत अदमासे काढण्याची क्वांटम रीत दिली. हा अदमास कसा, तर आमच्या खात्याच्या उदाहरणासारखा : शिलकेतली चूक उलाढालीच्या एका लहान हिश्श्याएवढी राहील याची हमी आहे. शिल्लकच त्याहून लहान असेल, तर उत्तरातून काही कळत नाही. एवढ्याशा हमीलाही किंमत आहे, कारण साध्या संगणकासाठी तेवढी हमी देणारी झटपट रीत आजवर सापडलेली नाही.

म्हणून त्या मुलीला द्यायला हवे होते ते उत्तर असे : तो मोजून सांगत नाही. जमा-नावे मांडून झाल्यावर उरलेल्या शिलकेची एक चाहूल तो देतो. रचना अनुकूल असेल तर चुकीच्या उत्तरांच्या नोंदी परस्पर कटतील आणि बरोबर उत्तराची शिल्लक मोठी राहील अशी मांडणी करता येते, आणि क्वांटम रीती शोधणाऱ्यांचे सगळे कसब त्यातच आहे. एरवी नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत ती मुलगी वाचनालयात पुस्तक बदलायला आली होती. मी तिला थांबवले आणि माझे उत्तर चुकले होते हे सांगितले. टेबलावर जुन्या रोजकीर्दीचे कोरे पान पसरून अर्ध्या आरशाचा प्रयोग जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत लिहून दाखवला. तिने तो नीट पाहिला. मग तिने विचारले, “पण काका, शिल्लक शून्य आली, तर आत काहीच नोंदी नव्हत्या, की भरपूर होत्या आणि कटल्या, हे बाहेरून कसं कळणार?”

तिला ठाऊक नव्हते, पण ती मोठ्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर येऊन उभी होती. एखाद्या क्वांटम गणनेत अमुक उत्तर येण्याची शक्यता अगदी शून्य आहे की शून्याहून थोडी जास्त, एवढेच ठरवणेसुद्धा तोडा यांच्या त्या सबंध शिडीइतके अवघड आहे, हे फेनर, ग्रीन, होमर आणि प्रुइम यांनी १९९९ साली सिद्ध केले आहे. मी तिला सांगितले की बाहेरून ते ओळखण्याची सोपी रीत नाही, आणि ती नसण्याची कारणेही माणसांनी बरीचशी शोधून काढली आहेत. या वेळी मी उत्तर देण्याआधी घरी जाऊन निबंध पुन्हा वाचून आलो होतो, असे नाही. पण “हो” म्हणण्याची घाई मात्र केली नाही. तिने ते रोजकीर्दीचे पान मागून घेतले आणि घडी घालून पुस्तकात ठेवले.